ॲक्सोलॉटलची अंडी: सजीव कोणती, वांझ कोणती आणि पिल्ले बाहेर येईपर्यंतची देखभाल

ॲक्सोलॉटल म्हणजे आयुष्यभर पाण्यातच राहणारा, बाहेर कल्ले असलेला मेक्सिकोचा सॅलमँडर, बेडकासारखाच एक उभयचर. त्याची जोडी एकाच टाकीत ठेवणाऱ्याच्या घरी अंड्यांची वेळ बहुधा न सांगताच येते. आदल्या रात्री तळाच्या दगडांवर पांढऱ्या टोकाचे, जेलीसारखे बारीक शंकू चिकटलेले दिसतात. ते नराने सोडलेले शुक्राणूंचे पुंजके असतात. मादी ते आपल्या शरीरात ओढून घेते आणि त्यानंतर साधारण 12 ते 72 तासांत अंडी घालू लागते. सकाळी उठून पाहावे तर पाणवनस्पतींच्या पानांवर, फिल्टरच्या नळीवर, अगदी काचेच्या कोपऱ्यांतसुद्धा भिजवलेल्या सब्जाच्या मोठ्या दाण्यांसारखे थेंब लटकत असतात. मध्ये सुमारे 2 मिलिमीटरचा गडद गोल आणि भोवती पारदर्शक जेली, असे त्यांचे रूप असते. एका वेळी शंभरापासून हजारापर्यंत अंडी निघू शकतात. पाळणाऱ्यापुढे मग एकच प्रश्न उरतो, तो म्हणजे यांतली जिवंत किती आणि वाया गेलेली किती.

या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच दिवशी देण्याची घाई करू नये, असे माझे ठाम मत आहे, आणि ते नुकसान सोसून झालेले आहे. माझ्याकडच्या पहिल्या विणीची मादी अल्बिनो, म्हणजे शरीरात गडद रंगद्रव्य न बनणारी होती. तिची अंडी पांढरीशुभ्र होती आणि पांढरे अंडे म्हणजे मेलेले अंडे एवढेच मी कुठेतरी वाचलेले होते. त्यामुळे दोनेकशे अंडी मी बाल्कनीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत ओतली. फिल्टरच्या मागे माझ्या नजरेतून सुटलेली सतरा अंडी तेवढी पाण्यात राहिली आणि चौथ्या दिवशी त्यांतल्या चौदांचा आकार लांबट झालेला दिसला. रंगावरून न्याय करू नये आणि चौथ्या दिवसापर्यंत थांबावे, हे दोन्ही नियम मी तेव्हापासून पाळत आलो आहे.

अंडी वेगळी करणे

आईबापांना आपल्या अंड्यांची ओळख नसते. समोर आलेले अंडे ती खातात. त्यामुळे अंडी दिसल्यावर एक तर मोठ्या प्राण्यांना दुसऱ्या टाकीत हलवावे किंवा अंडी काढून घ्यावीत. मादी एक दोन दिवस थांबून थांबून अंडी घालते, म्हणून तिचे काम संपेपर्यंत तिला फार त्रास देऊ नये. पानांवरची अंडी पानासकट कापून घेणे सर्वांत सोपे पडते. काचेवर चिकटलेली अंडी मात्र जुन्या प्लास्टिकच्या कार्डाची कड काचेला सपाट लावून हळू सरकवत सोडवावीत. जेली चिवट असते आणि अंड्याचे चांगले रक्षण करते, तरी नखाने टोचून ओढल्यास आतला गोल फुटतो. सुटी अंडी उचलण्यासाठी टोक कापून रुंद केलेला ड्रॉपर किंवा साधा चमचा पुरतो.

ठेवायला पसरट, कमी खोलीचे भांडे घ्यावे. मी पाच लिटरच्या खाद्यदर्जाच्या प्लास्टिकच्या टबमध्ये पन्नास-साठ अंडी एका थरात ठेवतो. अंडी एकावर एक पडली तर खालच्यांना प्राणवायू कमी पडतो आणि एक कुजले की शेजारची चार संकटात येतात. एअर पंपाचा बारीक, मंद बुडबुडा पुरे. तळाशी वाळू किंवा दगड घालू नयेत, कारण पुढचे सगळे काम निरीक्षणाचे आहे आणि त्यासाठी स्वच्छ, रिकामा तळ हवा.

पाण्याबद्दल आपल्याकडच्या घरांत दोन चुका हमखास होतात. नळाचे क्लोरीनयुक्त पाणी थेट ओतणे ही पहिली. पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवले की साधे क्लोरीन उडून जाते, परंतु काही ठिकाणी पाण्यात वापरले जाणारे क्लोरामाइन हे क्लोरीनचे संयुग तसे उडत नाही, म्हणून मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे क्लोरीननाशक वापरणे अधिक खात्रीचे. दुसरी चूक नेमकी उलटी, म्हणजे 'शुद्ध' म्हणून स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्राचे पाणी वापरणे. आरओच्या पाण्यातले क्षार बहुतांशी काढून टाकलेले असतात, आणि ॲक्सोलॉटल हा मुळात क्षारयुक्त, किंचित अल्कधर्मी पाण्यातला प्राणी आहे. प्रयोगशाळांमध्ये त्यांच्यासाठी होल्टफ्रेटर द्रावण नावाचे ठरावीक क्षारांचे मिश्रण मुद्दाम तयार करतात, यावरूनच काय ते समजावे. घरी क्लोरीन काढलेले साधे, मध्यम कठीण पाणी चालते. टँकरचे किंवा बोअरचे पाणी असेल तर आधी त्याची तपासणी करून घ्यावी.

तापमान हे या साऱ्या कामाचे घड्याळ आहे. 18 ते 20 अंश सेल्सिअस उत्तम. त्याखाली वाढ मंदावते आणि त्यावर ती वेगाने होते, पण बुरशी आणि विकृतीही वाढतात. 24 अंशांच्या वर पाणी जाऊ देऊ नये. या प्राण्याचे मूळ घर मेक्सिको शहराच्या दक्षिणेकडील सोचिमिल्कोचे कालवे आहेत, जे समुद्रसपाटीपासून 2,200 मीटरहून अधिक उंचीवर आहेत आणि ज्यांचे पाणी वर्षातला बराच काळ गार असते. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात ही अट घराच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात बऱ्याच अंशी आपोआप पूर्ण होते. मुंबई-कोकणात किंवा एप्रिल-मेमध्ये मात्र पाणी गार करणारे चिलर यंत्र किंवा वातानुकूलित खोली लागते. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावल्यास बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, पण दमट हवेत तोही उपाय थिटा पडतो. बर्फाच्या बाटल्या टाकून दर तीन तासांनी तापमान खालीवर करण्यापेक्षा स्थिर 21 अंश मला बरे वाटतात.

पहिले दोन दिवस: भिंगातून काय पाहावे

दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग आणि मोबाइलची टॉर्च एवढ्या साधनांवर हे काम होते. गडद अंडी पांढऱ्या बशीत आणि पांढरी अंडी काळ्या बशीत घेऊन, बाजूने उजेड टाकून पाहावीत.

सामान्य मादीचे अंडे वरच्या अर्ध्या भागात गडद तपकिरी किंवा काळे आणि खालच्या अर्ध्यात फिकट असते. फलित अंडे जेलीच्या आत मोकळे फिरू शकते, म्हणून त्याची गडद बाजू वर येऊन स्थिरावते. बशी हलकेच कलती करावी आणि थोड्या वेळाने पुन्हा पाहावे. गडद बाजू पुन्हा वर आली तर ते चांगले लक्षण समजावे. यावरून खात्री होत नाही, पण आशा ठेवायला हरकत नाही.

20 अंशांच्या आसपास अंडे घातल्यापासून सात-आठ तासांत पहिले विभाजन होते. अंड्याच्या माथ्यावर सुरीने हलकी रेघ ओढावी तशी एक खाच दिसते, मग तिला काटकोनात दुसरी उमटते आणि चार फोडींच्या मोसंबीसारखे रूप येते. पुढे दर दीड-दोन तासांनी पेशी दुप्पट होत जातात आणि दुसऱ्या दिवशी माथ्यावर तुतीच्या फळासारखा खडबडीतपणा दिसून तो हळूहळू इतका बारीक होतो की अंडे पुन्हा गुळगुळीत वाटू लागते. नवख्या माणसाची फसगत नेमकी इथे होते. दुसऱ्या दिवशी प्रथमच भिंग हातात घेणाऱ्याला गुळगुळीत अंडे दिसते आणि 'यात काहीच घडलेले नाही' असे वाटते, प्रत्यक्षात मात्र त्यात हजारो पेशी तयार झालेल्या असतात. शिवाय अफलित अंड्यांवरही कधी कधी वेड्यावाकड्या, असमान खाचा पडतात. नियमित, सारख्या आकाराच्या फोडी हे फलनाचे चिन्ह. वाकड्यातिकड्या, एकाच बाजूला गर्दी केलेल्या रेघांवर विश्वास ठेवू नये.

अल्बिनो मादीच्या अंड्यांचा प्रश्न वेगळा आहे. अंड्याचा रंग आईने त्यात भरलेल्या रंगद्रव्यातून येतो, पिल्लाच्या स्वतःच्या जनुकांतून नव्हे. म्हणून अल्बिनो मादीची सगळी अंडी पांढरी असतात, बाप रानटी गडद रंगाचा असला तरीही, आणि अशा अंड्यांतल्या पिल्लांना रंग पुढे काही दिवसांनी चढतो. काळ्या डोळ्यांची पांढरी ल्युसिस्टिक मादी मात्र गडद अंडी घालते, कारण तिच्यात रंगद्रव्य बनते, फक्त रंगपेशी त्वचेत पसरत नाहीत. या प्राण्यांतला अल्बिनोपणा मूळचा ॲक्सोलॉटलचा नाहीच. 1960च्या दशकात हंफ्री या अमेरिकी संशोधकाने टायगर सॅलमँडर या जवळच्या जातीतल्या एका अल्बिनो मादीशी संकर करून तो त्यांच्या वंशात आणला.

तिसरा-चौथा दिवस: निकालाचा

वांझ अंडे गोलच राहते, सजीव अंडे आकार बदलते, हा साऱ्या ओळखीचा गाभा आहे. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास सजीव गर्भाच्या पाठीवर दोन उंचवटे उठतात, ते मध्यरेषेकडे सरकून मिटतात आणि त्यातून मेंदू व मज्जारज्जू तयार होतो. भिंगातून हे दृश्य पुरी काठांनी दुमडत यावी तसे दिसते. चौथ्या दिवशी गोल लांबट होऊन भिजवलेल्या मटकीसारखा होतो आणि पाचव्या-सहाव्या दिवशी मोड आल्यासारखी शेपटीची कळी फुटते. पांढऱ्या अंड्यांतही हे असेच दिसते, म्हणून अल्बिनो मादीच्या बाबतीत या दिवसापर्यंत थांबण्याला पर्याय नाही.

अफलित अंड्यांचे याच काळात काय होते, तेही ओळखून ठेवावे. त्यांच्या गडद भागावर संगमरवरासारखे डाग पडतात, काळ्या-पांढऱ्याची सीमा पुसली जाते, मग सगळा गोल करडा-पांढरा आणि अपारदर्शक होतो. त्यानंतर जेलीच्या बाहेर कापसासारखी लव येते, ती सॅप्रोलेग्निया जातीची पाण्यातली बुरशी. ही बुरशी मुख्यतः मेलेल्या अंड्यावर रुजते, परंतु तिचे धागे शेजारच्या जिवंत अंड्यांना वेढून त्यांचा प्राणवायू तोडतात, म्हणून लव आलेले अंडे लगेच काढले पाहिजे. जिवंत अंड्याच्या जेलीवर नुसता शेवाळाचा हिरवट थर आला तर घाबरण्याचे कारण नाही. बुरशीवर काही जण मिथिलिन ब्लूचे थेंब घालतात. मी घालत नाही. रोज मेलेले वेचणे आणि निम्मे पाणी बदलणे हे कंटाळवाणे काम नीट केले तर औषधाची गरज मला तरी पडलेली नाही.

एखाद्या अंड्याबद्दल शंका असेल तर त्याला एकट्याला पाहून निर्णय घेऊ नये. त्याच दिवशी घातलेल्या दहा भावंडांशेजारी ठेवून पाहावे. भावंडांना शेपटी फुटली आणि हे अजून गोलच आहे, तर ते संपले. भावंडांपेक्षा अर्धा दिवस मागे असेल तर त्याला वेगळ्या वाटीत ठेवून आणखी दोन दिवस द्यावेत.

एका मादीच्या सगळ्याच अंड्यांनी विभाजनाला सुरुवात करून दुसऱ्या दिवसाच्या आसपास एकाच टप्प्यावर थांबावे, असे दर विणीला घडत असेल तर पाण्याला दोष देऊन उपयोग नाही. ॲक्सोलॉटलमध्ये 'ओ' नावाने ओळखला जाणारा जनुकीय दोष आहे, ज्यात मादी स्वतः धडधाकट असते, पण तिच्या अंड्यांत एक आवश्यक घटक नसल्याने गर्भ त्या टप्प्यापुढे जात नाही, मग बाप कोणीही असो. प्रयोगशाळेत अशा अंड्यांत निरोगी अंड्यातला द्रव टोचल्यावर ती पुढे वाढलेली आहेत. घरी यावर उपाय नाही, त्या मादीची वीण घेऊ नये एवढेच.

चौथ्या-पाचव्या दिवशी आणखी एक निर्णय घ्यावा लागतो, आणि तो टाळणाऱ्यांची पुढे फार ओढाताण होते. तीनशे सजीव अंडी हाती असली तरी तीनशे पिल्लांना रोज दोनदा जिवंत खाद्य देणे आणि पुढे प्रत्येकाला घर मिळवून देणे घरगुती पाळणाऱ्याला जमत नाही. जेवढी सांभाळता येतील तेवढी, म्हणजे पहिल्यांदा वीस-तीस, ठेवून उरलेली या लवकरच्या टप्प्यावरच गोठवून टाकणे हा सर्वत्र रूढ असलेला मार्ग आहे. नदी-तलावात ती सोडणे कोणत्याही परिस्थितीत योग्य नाही. ॲक्सोलॉटल साइट्स (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय) कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो, त्यामुळे 2022च्या दुरुस्तीनंतरच्या भारतीय वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मूळ प्राण्यांची नोंदणी आणि जन्मलेल्या पिल्लांची माहिती सरकारच्या परिवेश पोर्टलवर देणे बंधनकारक आहे. विरोधाभास असा, की 1864 मध्ये पॅरिसला पोहोचलेल्या 34 प्राण्यांपासून जगभरच्या टाक्या भरल्या, तर सोचिमिल्कोत मात्र 1998 मध्ये दर चौरस किलोमीटरला सुमारे 6,000 असलेली संख्या 2014 च्या पाहणीत अवघ्या 36 वर आली.

दुसरा आठवडा

आता काम सोपे आणि पाहायला सुंदर होते. आठवड्याच्या सुमारास हृदय धडधडू लागते, गर्भ जेलीत मधूनच झटका मारून कूस बदलतो आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांच्या कळ्या येतात. काही दिवसांनी त्या कल्ल्यांचे धागे फुटतात आणि बाजूने टॉर्च धरली की एकेका धाग्यातून रक्तपेशी रांगेने धावताना भिंगाखाली स्पष्ट दिसतात. गर्भ सजीव असल्याचा याहून नेमका पुरावा नाही. गडद वंशात डोळ्यांचे काळे ठिपके दिसतात, अल्बिनो पिल्लांचे डोळे मात्र रंगहीन राहतात.

फुगलेले पोट, मुरडलेली शेपटी किंवा डोके लहान राहणे अशी लक्षणे या काळात लक्षात येतात. सगळ्या भावंडांच्या कल्ल्यांत रक्त वाहते आहे आणि एखादे झटके तर मारते, पण त्याच्या कल्ल्यांत हालचालच नाही आणि छातीशी पाणी साठत आहे, असे दिसले तर त्याचे हृदय धडकत नसण्याची शक्यता असते. असा एक घातक जनुकीय दोष या वंशात ओळखला गेला आहे. ते पिल्लू अंड्यातून बाहेर येण्याच्या वयापर्यंत पोहोचते, पण जगत नाही.

अंडी फुटणे

18 ते 20 अंशांत बहुतेक पिल्ले 14 ते 18 दिवसांत बाहेर येतात. गार पाण्यात तीन आठवडेही लागतात. शेवटच्या दोन-तीन दिवसांत जेली सैल, पातळ होते, कारण पिल्लाच्या डोक्यावरील ग्रंथी आवरण विरघळवणारे द्रव्य सोडतात. पिल्लू इंग्रजी 'सी' अक्षरासारखे वळते, एकदम सरळ होते आणि अशा काही झटक्यांनी बाहेर येते. सगळी एका दिवशी येत नाहीत. एखादे भावंडांनंतर तीन दिवस होऊनही आतच असेल, हलत असेल आणि त्याचे कल्ले पूर्ण फुललेले असतील, तरच मदत करावी. दोन बारीक चिमट्यांनी पिल्लापासून दूरच्या बाजूला जेली धरून विरुद्ध दिशांना ओढावी, म्हणजे ती फाटते आणि पिल्लू स्वतःच सरकून बाहेर येते. कल्ले पूर्ण वाढलेले नसतील तर हात लावू नये.

बाहेर आलेले पिल्लू सुमारे एक सेंटिमीटरचे असते आणि पहिले एक-दोन दिवस तळाशी कुशीवर निपचित पडते. ते मेलेले नसते. पोटात पिवळ्या बलकाची शिदोरी असते, ती संपेपर्यंत त्याला खाणे नको असते. ड्रॉपरने शेजारी हलका पाण्याचा झोत सोडल्यास ते उडी मारल्यासारखे सरकते, आणि तेवढी खात्री पुरेशी आहे.

पहिला घास

अंडी वाचवून पिल्ले गमावण्याचे प्रकार बहुतेक इथेच घडतात. बाहेर आल्यानंतर दोन-तीन दिवसांत पिल्लाला हलणारे, जिवंत खाद्य लागते. नुसती भुकटी किंवा उकडलेल्या अंड्याचा बलक, जो काही दुकानदार हमखास सुचवतात, त्याकडे ते ढुंकूनही पाहत नाही आणि पाणी मात्र नासते. सर्वांत भरवशाचे खाद्य म्हणजे आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जीवाची, नुकती जन्मलेली पिल्ले. पहिले अंडे फुटल्याच्या दिवशीच त्यांची तयारी सुरू करावी. एक लिटर पाण्यात साधारण 25 ग्रॅम आयोडीन नसलेले जाडे मीठ विरघळवून, उलट्या बाटलीत खालून जोरात हवा सोडून, 26 ते 28 अंशांत आणि उजेडात ठेवल्यास आर्टेमियाची अंडी चोवीस तासांच्या सुमारास फुटतात. हवा बंद करून दहा मिनिटे थांबावे. रिकामी टरफले वर तरंगतात आणि केशरी पिल्ले तळाशी उजेडाकडे गोळा होतात. ती नळीने ओढून बारीक कापडातून गाळावीत, गोड्या पाण्याने धुवावीत आणि मगच टाकावीत, नाहीतर मिठाचे पाणी टबमध्ये जाते. टरफले पिल्लांच्या पोटात अडकू शकतात, म्हणून ती शक्य तितकी वेगळी करावीत.

खाल्ले की नाही हे ओळखणे इथे अगदी सोपे आहे. खाल्लेल्या पिल्लाचे पारदर्शक पोट अर्ध्या तासात केशरी दिसते, आणि ज्याचे पोट दोन वेळच्या खाण्यानंतरही रिकामे राहिले ते वेगळ्या वाटीत घेऊन त्याच्या तोंडासमोर ड्रॉपरने खाद्य सोडावे. आर्टेमिया गोड्या पाण्यात काही तासच जगतो, म्हणून खाणे झाल्यावर उरलेले ओढून काढून रोज बहुतेक पाणी बदलणे भाग आहे. डॅफ्निया म्हणजे पाणपिसवा गोड्या पाण्यात टिकतात आणि उत्तम खाद्य आहेत, पण गावच्या तळ्यातून आणलेल्या पाणपिसवांबरोबर हायड्रा हे दंश करणारे बारीक जलचर आणि चतुराच्या अळ्या येतात, आणि चतुराची एक अळी एका रात्रीत टब रिकामा करू शकते. त्या घरीच वाढवाव्यात.

दोन-तीन आठवड्यांत पुढचे पाय फुटतात. बेडकाच्या पिल्लांत आधी मागचे पाय येतात, इथे उलट. नेमका तेव्हापासून मागचे पाय येईपर्यंतचा काळ एकमेकांना चावण्याचा असतो. जवळ काहीही हलले की ते अन्नच, एवढेच त्यांना कळते, आणि मोठे पिल्लू लहानाचा पाय किंवा कल्ला तोडते. तुटलेला अवयव या जातीत पुन्हा वाढतो हे खरे, परंतु अर्ध्या आकाराच्या भावंडाला मोठे सबंधच गिळू पाहते. म्हणून दर तीन-चार दिवसांनी पिल्ले आकारानुसार वेगवेगळ्या टबांत वाटावीत, गर्दी कमी ठेवावी, आणि सकाळ-संध्याकाळच्या खाण्यात खंड पडू देऊ नये.